पद्मासिस्टरचं वाक्य

"पाय इकडे कर."

"कंई नथी, बेन. राहू दे ने."

"कांचन, पाय इकडे कर म्हटलं ना मी."

कांचनने पाय इकडे केला नाही. उलट साडीची कड खाली ओढली आणि कुकर असा काही घासायला घेतला, जणू तो आजच्या आज नवाकोरा करून दुकानात परत द्यायचा आहे. पण पद्मासिस्टरांपासून दुखणं लपवणं म्हणजे गणिताच्या बाईंपासून उत्तरपत्रिका लपवणं. सकाळी आत येताना कांचनचं डावं पाऊल उंबऱ्यावर जरा जास्त थांबलं होतं, ते त्यांनी पाहिलंच होतं. आणि आता मोरीतल्या साबणाच्या वासात लाल तिखटाचा वास मिसळला होता. भांड्यांना तिखट असायचं काही कारण नव्हतं. काल घरात दहीभात झाला होता.

पद्मासिस्टर पदर खोचून मोरीच्या कट्ट्यावर बसल्या आणि त्यांनी स्वतःच कांचनची साडी पोटरीवर सरकवली. जुन्या ओढणीची चिंधी. चिंधीखाली तिखट-तेलाचा लेप. लेपाखाली चार दातांच्या खुणा, कडेने सुजलेल्या.

"कुत्रं?"

कांचनने मान हलवली.

"कधी?"

"रविवारे. नाक्यावरचा पेलो काळो कूतरो."

"आज मंगळवार आहे. कुठाय तो कुत्रा आता?"

कांचन कुकरकडे बघत म्हणाली, "मेला. काल. अजून दोघांना चावला, पछी टाकीखाली जाऊन पडला तो उठलाच नाही."

पद्मासिस्टर दोन क्षण काहीच बोलल्या नाहीत, आणि हे त्यांच्या बाबतीत इतकं विरळ होतं की आतल्या खोलीत पाय वर करून पडलेली त्यांची मुलगी मालविका उठून दारात आली. आठव्या महिन्याचं पोट दोन्ही हातांनी सावरत ती उभी राहिली.

"ऊठ," पद्मासिस्टर म्हणाल्या. "नाही, ऊठ नको, बस. आधी हे धुवायचं. मग मोठ्या दवाखान्यात. पाच सुया असतात. दंडात देतात, पोटात नाही. पोटातल्या चौदा सुयांचा जमाना गेला."

"मारे नथी जवुं."

"का?"

"छोकरी दूध पिते माझी." कांचन हळू आवाजात बोलत होती. पद्मासिस्टरांशी एरवी ती बरोबरीने भांडायची, म्हणून तो हळू आवाज त्यांना जास्त लागला. "बा म्हणते, कुतऱ्याची दवा दुधात उतरते. पोरीला चढते."

"आणि दवा नाही घेतली तर काय चढतं, ते सांगितलं का तुझ्या सासूने?"

पद्मासिस्टरांनी नळ सोडला, कपड्याच्या साबणाची वडी घेतली आणि तिचा पाय मांडीवर ओढून धुवायला लागल्या. पंधरा मिनिटं, घड्याळ लावून, वाहत्या पाण्याखाली. तिखट गुलाबी होऊन जाळीकडे चाललं. रोज या मोरीत त्यांची भांडी घासणारी बाई आज अंग चोरून बसली होती आणि त्या तिची पोटरी चोळत होत्या.

"बेन, पगाला हात नका लावू. बरं नाही दिसत."

"गप बस. हे बघ, ही लस दुधात जात नाही. पोरीला काही होत नाही. अंगावर पाजणाऱ्या किती जणींनी घेतलीय, मला विचार. पोटुशी बाईसुद्धा घेते." आणि मग, सवयीने, पाणी ओतता ओतता, त्यांनी आपलं वाक्य म्हटलं. "अगं, माझ्या मुलीला मी स्वतःच्या हाताने सुई दिलीय. तिला देताना माझा हात थरथरला नाही, मग तुला कसली भीती?"

कांचनने मान वर केली. तिने आधी दारातल्या मालविकाकडे पाहिलं. मग पद्मासिस्टरांकडे. मग मोरीच्या जाळीकडे.

"ती सुई इथे गेली होती ने, बेन," ती म्हणाली. "मीच पाणी टाकलं तिच्यावर."

नळ चालू होता. तो बंद करायचं तिघींपैकी कोणालाच सुचलं नाही.

*

आता ते वाक्य काय होतं, हे नीट सांगायला हवं. कारण बडोद्यात फतेपुऱ्यामागच्या त्या वस्तीत पद्मासिस्टरांना लोक त्यांच्या नावापेक्षा त्या वाक्याने जास्त ओळखायचे.

पद्मा रमाकांत सुर्वे. वॉर्डातल्या आरोग्य केंद्रातली नर्स. वय बावन्न, नोकरी अठ्ठावीस वर्षं. नवरा कोयलीच्या रिफायनरीत स्टोअर सांभाळायचा आणि घरात कोणीच त्याच्या हाताखाली नसल्यामुळे गप्प असायचा. पद्मासिस्टर मात्र दोघांच्या वाटचं बोलायच्या. दर बुधवारी ममता दिवस. त्या दिवशी निळा लशींचा डबा खांद्याला लावून त्या वस्तीतल्या अंगणवाडीत यायच्या, सतरंजी टाकायच्या आणि एकेका बाईला नावाने हाक मारायच्या. गुजराती त्या इतकं फर्डं बोलायच्या की नव्या सुना त्यांना सावली गावच्या पटेल समजायच्या, आणि मग मध्येच "अरे देवा" ऐकू आलं की गोंधळून जायच्या. वस्तीतल्या निम्म्या पोरांनी जगात आल्यावरचं पहिलं खणखणीत भोकाड त्यांच्याच सुईला पसरलं होतं.

बाया धनुर्वाताच्या सुईला घाबरायच्या. पोटातलं पोर जाईल, पुन्हा पोर होणार नाही, सरकारला आपली पोरं नकोत म्हणून देतात, नाना गोष्टी. पद्मासिस्टर वाद घालायच्या नाहीत. दंडाला कापूस लावता लावता नुसतं म्हणायच्या, "मी मालूच्या वेळी दोन घेतल्यात. आणि मालूला दिवस गेले ना, की तिलाही मीच देणार." पुढे मालविकाचं लग्न झालं, ती इंदूरला गेली, तिला दिवस गेले, आणि वाक्याचा काळ बदलला. "माझ्या मुलीला मी स्वतःच्या हाताने दिलीय." हे ऐकलं की बाई बांगड्या वर सरकवायची. तज्ज्ञांच्या शंभर पत्रकांनी जे होत नव्हतं ते या एका ओळीने व्हायचं.

आणि ती ओळ खरी होती. एकदा.

सव्वा वर्षापूर्वीच्या दिवाळीला मालविका चौथा महिना घेऊन माहेरी आली, तेव्हा पद्मासिस्टरांनी तिला खरंच सुई दिली. देवघरासमोर, फराळाच्या डब्यांच्या शेजारी बसवून. रमाकांतरावांनी तर गमतीने टाळ्या वाजवल्या होत्या. सहाव्या दिवशी रक्त गेलं आणि सगळं संपलं. डॉक्टर निरुपमा केंद्राच्या मुख्य, त्यांनी स्वतः सोनोग्राफीचा कागद पद्मासिस्टरांना दाखवला होता. बाळाचे ठोके थांबून दोन आठवडे होऊन गेले होते. म्हणजे सुई दिली तेव्हा पोटात जे होतं, ते आधीच गेलेलं होतं. सुईचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पद्मासिस्टरांना हे कळलं. मालविकाला समजावून सांगतानासुद्धा त्यांनी ते अगदी स्वच्छ शब्दांत सांगितलं. तिला कळलं. दोघींना सगळं कळलं.

पण या वेळी सातव्या महिन्यात मालविका आली, आणि एका बुधवारी दुपारी पद्मासिस्टर केंद्रावर परतण्याआधी डबा घेऊन घरी डोकावल्या, तेव्हा कळलेलं सगळं कुठे गेलं कोण जाणे. इंदूरच्या डॉक्टरांना मालविकाने सांगितलं होतं, "मी माहेरी घेणार, आई नर्स आहे." नर्सच्या मुलीला कोण जास्त विचारतं? पद्मासिस्टरांनी सुई भरली. मालविकाने दंड पुढे केला आणि डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"आई, नको ना," ती म्हणाली. "एवढ्या एका वेळी नको."

हीच गोष्ट वस्तीतल्या कोणी म्हटली असती तर पद्मासिस्टरांनी तिला बोलण्यात गुंतवून दुसऱ्या मिनिटाला सुई देऊन कापूस फेकलासुद्धा असता. पण समोर मालू होती. आणि त्यांना एकदम देवघर दिसलं, आणि फराळाचे डबे, आणि सहावा दिवस. त्या उठल्या, मोरीशी गेल्या आणि दट्ट्या दाबला. पातळ पांढुरकी धार जाळीवर पडली.

तिथे कांचन बसली होती, कढई घासत. तिने वर पाहिलं.

"तारीख गेली होती तिची," पद्मासिस्टर म्हणाल्या.

कांचनने तांब्याभर पाणी जाळीवर टाकलं. बारा वर्षं मराठी घरांत काम करून तिला मराठी येत होतं आणि त्याहून चांगलं गप्प बसता येत होतं.

त्या संध्याकाळी पद्मासिस्टरांनी मालविकाच्या ममता कार्डावर तारीख घातली. महिन्याने दुसरी घातली. खाली आपली वळणदार सही. डॉक्टर निरुपमा तपासताना कार्ड उलटून म्हणाल्या, "तुमची सही आहे म्हणजे मला बघायलाच नको." आणि बुधवारी वस्तीत, दंडाला कापूस लावता लावता, पद्मासिस्टर आपलं वाक्य म्हणतच राहिल्या. पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळली. तिसऱ्या बुधवारपर्यंत अडखळायची थांबली, आणि खरं सांगायचं तर हीच यातली सगळ्यात वाईट गोष्ट होती.

*

त्या मंगळवारी कांचन राहिलेली भांडी पुरी करून, पाय पुसून निघून गेली. पद्मासिस्टरांनी दारापर्यंत जाऊन "दवाखान्यात चल, मी येते" असं तीनदा सांगितलं. तिने तीनदा "जोईश" म्हटलं. बघीन. बडोद्यात "जोईश" म्हणणारा माणूस कधी बघत नाही, हे पद्मासिस्टरांना माहीत होतं.

मालविका अजून दारातच होती.

"आई, ती आपल्यामुळे नाही घेणार का?"

"सासू सांगते म्हणून नाही घेणार."

"सासूचं ऐकते ती? गेल्या वर्षी तिची सासू नको म्हणत होती, तरी तुझ्याकडून दोन्ही सुया घेतल्या तिने. तू म्हणालीस म्हणून."

पद्मासिस्टरांनी केंद्रात फोन करून अर्ध्या दिवसाची रजा मागितली, चपला घातल्या आणि रिक्षा केली. डबा बरोबर नव्हता. डब्याशिवाय वस्तीत जायची ही त्यांची पहिलीच वेळ, आणि रिकामा खांदा सारखा काहीतरी विसरल्यासारखा वाटत होता.

उत्तरायण, म्हणजे संक्रांत, होऊन आठ दिवस झाले होते. तारांवर फाटके पतंग लटकत होते. कांचनच्या घरासमोरच्या ओट्यावर तिची सासू आणि शेजारच्या तिघीचौघी तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत बसल्या होत्या. नर्सबेनला अवेळी पाहून सगळ्यांनी जागा करून दिली. एकीने तर सवयीने बाहीसुद्धा वर केली आणि सगळ्या हसल्या.

"आज बुधवार नथी, बेन."

"माहितीय," पद्मासिस्टर म्हणाल्या आणि बसल्या. "कांचन कुठाय?"

"अंदर. छोकरीने धवडावे छे."

आत अंधारात कांचन भिंतीकडे तोंड करून पोरीला पाजत होती. तिने वळून पाहिलं नाही.

रिक्षात पद्मासिस्टरांनी काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. कुत्रा मेला म्हणजे काय, पिसाळणं म्हणजे काय, एकदा लक्षणं दिसली की कोणताच डॉक्टर काही करू शकत नाही, उपाय आहे तो आत्ताच आहे. हे सगळं त्यांनी सांगितलं. बायांनी ऐकलं. सासू शेंगा सोलत म्हणाली, "बेन, तमे कहो ते बराबर. पण दूध पिणारं पोर आहे. पोराचा जीव पहिला ने?" तिच्या बोलण्यात हट्ट नव्हता. नातीची काळजी होती. तीच, जशीच्या तशी, पद्मासिस्टरांनी स्वतःच्या घरात, मालूच्या डोळ्यांत पाहिली होती.

मग त्या बोलल्या. गुजरातीत बोलल्या, आणि आतल्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"मी तुम्हाला खोटं सांगत आले. माझ्या मुलीला या वेळी मी सुई दिली नाही. भरली आणि फेकून दिली. कार्डावर दिली म्हणून लिहिलं. कांचनने पाहिलंय."

शेंगा सोलणारे हात थांबले. कोणाच्या तरी मांडीवरून दाणे ओट्यावर घरंगळले.

"केम?" सासूने विचारलं.

"भ्याले."

"सुईला?"

"हो."

मग सासूनेच विचारलं, अगदी साध्या आवाजात, जसं एखादी भाजी कशी केलीस म्हणून विचारावं. "तो पछी अमने केम आपो छो?" मग आम्हाला का देता?

हा प्रश्न रिक्षात ठरवलेल्या यादीत नव्हता. अठ्ठावीस वर्षांत त्यांना कोणी निरुत्तर केलं नव्हतं. नगरसेवकाने नाही, अंगात आणणाऱ्या भुव्याने नाही. पद्मासिस्टरांना आपले कान गरम झालेले कळले, आणि या वयातही माणसाचे कान इतके गरम होतात याचं त्यांना नवल वाटलं.

"कारण तुम्हाला देताना माझं डोकं ठिकाणावर असतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला देते तेच बरोबर आहे. माझ्या मुलीच्या वेळी माझं डोकं गेलं. मागच्या वेळी तिचं पोर आधीच गेलं होतं, सुईने नाही. हे मला माहीत होतं, तरी डोकं गेलं."

"तमे तो भणेलां," एक शेजारीण म्हणाली. तुम्ही तर शिकलेल्या.

ते शब्द टोचायला म्हटलेले नव्हते. म्हणून जास्त टोचले.

सासूने घरंगळलेले दाणे एकेक करून वेचले. मग विचारलं, "चा पीशो?" पद्मासिस्टरांना वाटलं होतं, हाकलतील, बोलतील, निदान तोंड फिरवतील. चहासाठी मनाची तयारी त्यांनी केली नव्हती. तो त्यांनी बशीत ओतून संपवला. आतून कांचन बाहेर आली नाही.

*

बुधवारी कांचन कामाला आली नाही.

अंगणवाडीत सतरंजी टाकून पद्मासिस्टर साडेनऊला बसल्या. दहा वाजले. साडेदहा. एरवी या वेळेपर्यंत चपलांचा ढीग दारात मावत नसे. आज तीन जोड होते; दोन त्यांच्या मदतनीस चारुलताचे आणि अंगणवाडीच्या बाईंचे. तिसरा जोड त्यांचा स्वतःचा. चारुलता नवी मुलगी, वर्षभरापूर्वी लागलेली. तिने डब्यातला बर्फ दोनदा तपासला, कापसाचे बोळे तीनदा मोजले आणि शेवटी न राहवून विचारलं, "मॅडम, आज काय सण आहे का?"

"नाही," पद्मासिस्टर म्हणाल्या.

अकराला डॉक्टर निरुपमा फेरीवर आल्या. रिकामी सतरंजी पाहून त्यांनी भुवया उंचावल्या आणि त्या खुर्चीवर बसल्या. पद्मासिस्टरांनी तोंड उघडलं. सकाळपासून त्या हेच ठरवत होत्या, की मॅडम आल्या की सांगायचं. पण त्यांनी पहिला शब्द उच्चारण्याआधीच बाहेर रिक्षा थांबली.

रिक्षातून मालविका उतरली. एका हाताने कंबर धरून, दुसऱ्या हाताने भिंत धरून ती आत आली. चप्पल तिने दारातच काढली. सतरंजीवर खाली बसायला तिला बराच वेळ लागला. खुर्ची होती, पण ती खुर्चीकडे गेली नाही. आणि तिच्यामागून, पोरीला खांद्यावर टाकून, लंगडत, कांचन दारात येऊन उभी राहिली. पोरीच्या तिहेरी लशीचा आज दिवस होता. पोरीची लस कांचनने कधी चुकवली नव्हती. तिच्यामागे खिडकीपाशी ओट्यावरच्या दोघीतिघी होत्या, नुसत्या बघायला आलेल्या.

मालविकाने कार्ड पुढे केलं.

पद्मासिस्टरांनी ते घेतलं. हात सवयीने रजिस्टरकडे गेला आणि तोंडातून सवयीचे शब्द बाहेर पडले.

"नाव?"

"मालविका सौमित्र दिघे."

"कितवा महिना?"

"आठवा संपत आलाय."

"आधी..." इथे त्या थांबल्या. अठ्ठावीस वर्षांत या प्रश्नाशी त्या कधी थांबल्या नव्हत्या. "आधी घेतलीय?"

"कार्डावर घेतली म्हणून लिहिलंय," मालविका म्हणाली. ती निरुपमा मॅडमकडे बघत बोलत होती, पण तिचे कान आईच्या कानांसारखेच लाल झाले होते. "घेतलेली नाही. मी नको म्हणाले."

"नाही," पद्मासिस्टर म्हणाल्या. "मॅडम, ती नको म्हणाली, पण लिहिलं मी."

निरुपमा मॅडमनी कार्ड मागून घेतलं. त्या वळणदार सहीकडे बघत राहिल्या. चारुलता खाली मान घालून कापसाचे बोळे चौथ्यांदा मोजायला लागली.

"मी देऊ का, मॅडम?" तिने हळूच विचारलं.

"नको," मालविका म्हणाली. "आईच देईल."

पद्मासिस्टरांनी सुई भरली. हात थरथरत होता, आणि तो थरथरतोय हे सतरंजीवरच्या, दारातल्या, खिडकीतल्या सगळ्यांना दिसत होतं. लपवायला काही जागा नव्हती. त्यांनी हात एकदा मांडीवर टेकवला, श्वास घेतला आणि दिली. मालविकाने या वेळी डोळे उघडे ठेवले.

"दुखलं?" दारातून कांचनने विचारलं. आल्यापासूनचा तिचा हा पहिला शब्द.

"थोडं," मालविका म्हणाली. "भीती जास्त वाटली. अजून वाटतेय."

कांचनने मान हलवली. हे तिला पटलं. आजपर्यंत या सतरंजीवर कोणी असं म्हटलेलं तिने ऐकलं नव्हतं. इथे भीती नेहमी एकाच बाजूला बसायची. तिने पोरीला पुढे केलं, चारुलताने पोरीला लस दिली, पोरगी कर्तव्य असल्यासारखी रडली. तिला पदराखाली घेऊन शांत करता करता कांचनने विचारलं, पद्मासिस्टरांना नाही, मालविकाला, "रिक्षा उभी आहे का?"

"आहे."

"मोठ्या दवाखान्यापर्यंत सोडशील?"

पद्मासिस्टर अर्धवट उठल्या. पण बुधवार होता, डबा उघडा होता, जागा सोडता येत नव्हती. आणि त्यांना कोणी या म्हटलंही नव्हतं. खिडकीतून त्यांनी पाहिलं: एक पोट धरून, एक पाय ओढत, दोघी एकमेकींना रिक्षात चढवत होत्या. पोरगी मधे.

*

मेमो आला. खोटी नोंद केली, हे लेखी आलं, फाइलला लागलं, आणि पद्मासिस्टरांना तीन महिने वस्तीतून काढून केंद्रातल्या टेबलावर बसवलं. निरुपमा मॅडमनी मेमो हातात देताना सांगितलं, "तुम्ही स्वतः बोललात म्हणून एवढ्यावर भागलं." आणि त्यानंतर त्या पद्मासिस्टरांची सही असलेलं प्रत्येक कार्ड उलटून नीट बघायला लागल्या.

मालविकाच्या कार्डावरच्या दोन तारखा लाल शाईने खोडल्या गेल्या. खोडलेलं खाली वाचता येत होतं. तशाच त्या कार्डावर राहिल्या.

मालविकाला मुलगी झाली, वेळेवर, रडकी, धडधाकट. कांचनच्या पाचही सुया झाल्या. दंडात चार आठवड्यांत पाच, पहिल्या दिवशी जखमेभोवती वेगळी. तिची पोरगी दूध पिऊन गुटगुटीत झाली आणि रांगायला लागली. कांचन कामालाही परत आली. भांडी पूर्वीसारखीच घासायची. फक्त एक नवी सवय तिला लागली. पद्मासिस्टर काहीही म्हणाल्या, की ती हात थांबवून विचारायची, "साचुं ने, बेन?" खरं ना?

"कांचन, उद्या पाणी सकाळी लवकर येणार आहे."

"साचुं ने?"

"दूध नासलंय गं, ते ओतून टाक."

"साचुं ने, बेन?"

टोमणा मारायचा म्हणून ती विचारत नसे. खरोखर विचारत असे. आणि दर वेळी पद्मासिस्टर "खरं" म्हणायच्या, आणि दर वेळी, नासलेल्या दुधाबद्दल असलं तरी, कान गरम व्हायचे.

मे महिन्यात त्यांना वस्ती परत मिळाली. पहिल्या बुधवारी सतरंजीवर सहाजणी होत्या. पूर्वी वीस असायच्या. त्यांतली एक अगदी कोवळी मुलगी, करजणहून लग्न होऊन आलेली, चौथा महिना. तिने हात पाठीमागे लपवला होता. पद्मासिस्टरांनी कापूस भिजवला आणि गप्प राहिल्या. आजकाल त्या सुई देताना गप्पच असायच्या. ती जागा, जिथे वाक्य असायचं, तशीच रिकामी ठेवायच्या.

"तमारी छोकरीने आपी हती?" मुलीने विचारलं. तिला जुनं काहीच माहीत नव्हतं. तिने आपलं सहज विचारलं होतं, बाया विचारतात तसं.

अंगणवाडीतला पंखा कुरकुरत होता. पलीकडे कांचन पोरीला पायावर झुलवत बसली होती.

"दिली," पद्मासिस्टर म्हणाल्या. "उशिरा दिली. आधी मी भ्याले होते, म्हणून दिली नव्हती. खोटं लिहिलं होतं दिली म्हणून. मग दिली. आता तिची मुलगी तीन महिन्यांची आहे."

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. असल्या उत्तराचं काय करायचं ते तिला कळेना. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि मग कांचनकडे, कारण त्या खोलीत पोर पायावर झुलवणारी ती एकटीच होती.

"साचुं बोले छे," कांचन म्हणाली, आणि पोरीला झुलवत राहिली.

मुलीने थोडा वेळ विचार केला. मग हात पुढे घेतला आणि हिरव्या बांगड्या एकेक करून, आवाज होऊ न देता, कोपरापर्यंत वर सरकवल्या.